चेंबर फुटल्यानंतरचे पाच दिवस

पहिला दिवस

पठारावर पोचायला चाळीसेक किलोमीटर उरले होते, तेव्हा गाडीच्या पोटाला दगड लागला. रस्त्याचं काम अर्धवट सोडलेलं, खडी पसरलेली. समोरून येणाऱ्या ट्रकला वाट द्यायला मी डावी चाकं खाली उतरवली आणि परत वर घेताना 'ठक्क' झालं. काका म्हणाले, "सायलेन्सर असेल." मीही तेच धरून चालले. खरं तर मागच्या सीटवर रजईत गुंडाळलेली त्यांची दुर्बीण ठीक आहे ना, याचीच आम्हा दोघांना जास्त काळजी.

थोड्या वेळाने डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. तेलाच्या किटलीचं चित्र, चोचीतून थेंब गळतोय. सोबत बारीक 'टिंग'. क्लच दाबला, गिअर काढून न्यूट्रल केलं, कडेला घेत घेत चावी मागे फिरवली. पण एकच खटका. चावी पूर्ण फिरवून बाहेर काढली तर स्टिअरिंग लॉक होतं, आणि गाडी चालती असताना ते नको. इंजिन बंद होताच स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर दोनतीनदाच पेडल हलकं दाबता येतं, म्हणून मी पंप न करता एकदाच दाबून धरलं. गाडी थांबली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले.

बॉनेटखालून निळसर धूर येत होता. तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडत होतं. अग्निशामक डबा हातात घेऊन आम्ही पाचसात मिनिटं लांब उभे राहिलो. धूर विरला. मग मोबाइलच्या उजेडात वाकून पाहिलं. खाली शिरले नाही, नुसतं वाकून. इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, ज्याला सगळे चेंबर म्हणतात, त्याला नारळाएवढा पोचा आणि पोच्याच्या कडेला बोटभर चीर. मागे रस्त्यावर काळी रेघ. आधी सुटे थेंब, मग धार. दोघांनी मिळून त्या रेघेवर माती टाकली. मागून एखादा दुचाकीवाला आला असता तर सरळ आडवा झाला असता.

खरी परीक्षा पुढे होती.

काका म्हणाले, "अगं, आता सगळा उतारच आहे. न्यूट्रलमध्ये सोडून देऊ, खाली गाव लागेल." मी म्हटलं, बंद इंजिनावर घाट उतरायचा म्हणजे दोनतीन ब्रेकनंतर पेडलवर उभं राहावं लागेल, तुम्ही राहणार का? ते गप्प बसले. पाच मिनिटांनी दुसरा प्रस्ताव आला: डिकीत एक लिटर तेलाचा डबा आहे, तो ओतून हळूहळू नेऊ. साडेतीन लिटर तेल लागणाऱ्या इंजिनात एक लिटर, तेही चिरलेल्या भांड्यात. तिसरा प्रस्ताव मात्र फार गोड होता आणि मलाही मोह झाला. "एकदाच स्टार्ट करून बघू. चालवायचं नाही, नुसता आवाज ऐकू, काही बिघडलंय का ते कळेल."

हे 'नुसता आवाज ऐकू' फार महाग पडतं. बिघडलं नसेल तर ते बघण्याच्या नादातच बिघडतं. मी चावी काढून खिशात ठेवली. बटण दाबून चालू होणारी किंवा हायब्रीड गाडी असेल तर ती पूर्ण बंद करायला हवी, कारण हायब्रीडमध्ये बॅटरी उतरली की इंजिन आपलं आपणच सुरू होतं.

त्या दिव्याबद्दल काकांचा गैरसमज होता, आणि तो खूप जणांचा असतो. त्यांच्या मते दिवा लागला म्हणजे तेल कमी झालं, जमेल तेव्हा भरा. पण तो दिवा तेल किती आहे हे मोजतच नाही. तो दाब बघतो. चालत्या, तापलेल्या इंजिनात तेलाचा दाब साधारण २ ते ४ बार असतो. बहुतेक गाड्यांत तो अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याखाली घसरला की दिवा पेटतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा पंप तेलाऐवजी हवा ओढत होता. तेल नुसतं कमी असतं तर दिवा आधी वळणावर किंवा ब्रेक मारताना लुकलुकला असता. आमचा लागला तो लागलाच.

रात्री टोइंगची गाडी आली. सपाट पाठीची मागवली होती. आमची गाडी साध्या गिअरची, तिला न्यूट्रलमध्ये दोरीने ओढलंही असतं, पण बंद इंजिनाच्या गाडीचं स्टिअरिंग आणि ब्रेक सांभाळत कोण बसणार? ऑटोमॅटिक असेल तर चाकं जमिनीवर ठेवून ओढायचीच नाही. विंचने वर घेताना गिअर पडलेला नाही ना, हे मी दोनदा तपासलं. गिअरमध्ये चाक फिरलं की इंजिनही कोरडंच फिरतं.

मुक्कामी पोचल्यावर डॅशकॅमचं चित्रण काढलं. मी शपथेवर सांगत होते की दिवा लागताच इंजिन बंद केलं. चित्रणात 'ठक्क' ऐकू येतं, त्यानंतर १ मिनिट ४० सेकंदांनी 'टिंग', आणि त्यानंतर इंजिनाचा आवाज थांबायला ११ सेकंद. अकरा! काकांनी लगेच हिशेब मांडला: २२०० फेरे मिनिटाला, म्हणजे दाब गेल्यावर क्रँक, इंजिनाचा मुख्य शाफ्ट, चारशेच्या वर वेळा फिरला. झोप चांगली लागली नाही.

दुसरा दिवस

मिस्त्रींनी गाडीकडे बघण्याआधी तीन प्रश्न विचारले. दिवा लागल्यावर किती वेळ चालली? तेव्हा चढ होता की सपाट? बंद करण्याआधी खडखड आली का? अकरा सेकंद, सपाट, खडखड नाही. "मग बघू या," म्हणाले. 'होईल' म्हणाले नाहीत, 'गेलं' म्हणाले नाहीत. मला माणूस आवडला.

स्टार्टरला हात लावायचा नाही, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. स्टार्टर आंधळा असतो. आत काही अडलं असेल तरी जोर लावून फिरवतो. हाताला मात्र कळतं. चारही प्लग काढले, म्हणजे आत हवा दाबली जात नाही आणि इंजिन हलकं फिरतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडलं. मग क्रँकच्या पुलीवरच्या नटला सॉकेट लावून लांब दांड्याने, इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला, सावकाश फिरवायला लागले. दोन पूर्ण फेरे, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांत पूर्ण होतं. "ताई, तुम्ही फिरवून बघा," म्हणाले. मी फिरवलं. जड, पण एकसारखं. मऊ लोण्यासारखं नाही, पण मध्येच टोचणारं, अडणारं काही नाही. कुठे घट्ट लागलं असतं तर तिथेच थांबायचं होतं.

मग चेंबर उतरवला. उरलेलं पावशेर तेल ट्रेमध्ये आलं आणि आतली जाळी दिसली. ही जाळी पंपाच्या नळीच्या टोकाला असते, चेंबरच्या तळापासून काही मिलिमीटर वर. पोचा वर येऊन बरोबर तिला टेकला होता. म्हणजे मी आदल्या दिवशी चीर कशीबशी बुजवून पूर्ण साडेतीन लिटर ओतलं असतं तरी पंपाला ते नीट ओढता आलं नसतं. डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, तेल दिसलं असतं आणि इंजिन उपाशी! हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. चीर दिसते म्हणून सगळं लक्ष चिरेकडे जातं.

ट्रेमधलं तेल त्यांनी पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर लोहचुंबक फिरवला, मग फडकं उन्हात तिरपं धरलं. चुंबकाला चिकटेल ते पोलाद. न चिकटणारी रुपेरी चकाकी म्हणजे पिस्टनचं किंवा बेरिंगचं अॅल्युमिनियम. आणि तांबूस कण दिसले तर बेरिंगचा वरचा मऊ थर जाऊन खालचं तांबं उघडं पडलंय असं समजायचं. फडक्यावर काळपट डाग आणि दोनचार वाळूचे कण, जे दगडासोबत आले असणार. फिल्टर करवतीने कापून त्याची कागदाची घडी उलगडली. तिथेही तेच.

तरी मिस्त्रींचं समाधान होईना. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या एका कनेक्टिंग रॉडची टोपी उघडली. पंपापासून तेलाची वाट जिथे सगळ्यात लांब पडते, तो रॉड निवडला. त्याआधी टोपीवरचा आकडा आणि दिशा टोचणीने खरवडून ठेवली. टोपी उलटी बसली तर सगळं व्यर्थ. आतला अर्धगोल शेल, म्हणजे बेरिंगचा अर्धा भाग, माझ्या तळहातावर ठेवला. जाडी जेमतेम दीडएक मिलिमीटर. रंग करडा, मंद, सगळीकडे सारखा. एका कडेला दोन केसासारख्या रेघा, नखाला लागतील न लागतील अशा. "हे चालतं," म्हणाले. रॉडचे बोल्ट मात्र नवे मागवले, कारण बऱ्याच इंजिनांत ते घट्ट करताना ताणले जातात आणि पुन्हा वापरायचे नसतात.

चारशे फेऱ्यांनंतरही हा शेल शाबूत कसा, असं काकांनी विचारलं. शाफ्ट आणि शेल यांच्यात केसापेक्षाही कमी फट असते, ०.०३ ते ०.०६ मिलिमीटरच्या घरातली, आणि तिच्यात अडकलेलं तेल लगेच पळून जात नाही. इथे काकांना आठवलं ते १८८० च्या दशकातलं. बीचम टॉवर नावाचे इंग्रज अभियंते रेल्वेच्या बेरिंगवर प्रयोग करत होते. बेरिंगला वरून पाडलेल्या भोकातून तेल बाहेर यायला लागलं, म्हणून त्यांनी बूच मारलं, बूच उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. तेव्हा लक्षात आलं की फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल खेचून आत दाब तयार करतो आणि त्या दाबावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. पंपाचं काम या फटीला तेल पुरवत राहण्याचं. उचलून धरतो तो शाफ्टचा फिरणारा वेग. पुरवठा तुटला की शिल्लक तेलावर थोडा वेळ निभतं. तो थोडा वेळ किती, हे मात्र कुणी आधी सांगत नाही. मागे भरलेली गाडी आणि समोर चढ असता तर बेरिंग जायला माझी अकरा सेकंदं पुरेशी ठरली असती.

तिसरा दिवस

नवा चेंबर सकाळी आला. जाळीचा वाकलेला कान सरळ करून, जाळीखाली खेळण्यातल्या मातीची एक गोळी ठेवून चेंबर तात्पुरता लावला आणि काढला. गोळी चेपून जितकी उरली तितकी फट. ती बरोबर निघाल्यावरच सीलंट लावलं. बारीक धार, बस. जास्त लावलं की दाबताना आत सांडतं आणि त्याचे तुकडे जाऊन त्याच जाळीत बसतात. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, आलटून-पालटून, तेही टॉर्क पान्याने. हे लहान बोल्ट दहाबारा न्यूटन-मीटरचेच असतात, जोर दाखवायला गेलं की आटे जातात. ड्रेन नटला नवा वायसर.

आणि मग काही करायचं नाही. सीलंट सुकू द्यायचं, रात्रभर. संध्याकाळी काकांनी गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत दुर्बीण मांडली आणि मिस्त्रींना गुरूचे चार चंद्र दाखवले. गॅरेजमधल्या मुलाने मोबाइलचा टॉर्च लावला तर काका त्याच्यावर असे खेकसले की तो बिचारा पळालाच. अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने एका क्षणात जातात, म्हणून ते टॉर्चला लाल कागद लावून वावरतात.

चौथा दिवस

आजचा दिवस मी सेकंदासेकंदाने सांगू शकते.

फिल्टर आधी हातात उभा धरून तेलाने भरला. कागद तेल पितो, पातळी खाली जाते, परत भरायचा. आमच्या इंजिनात तो खालून उभा लागतो म्हणून हे जमलं; आडवा लागणारा असता तर सांडलाच असता. रबराच्या कडीला तेलाचं बोट फिरवलं, जुनी कडी इंजिनाला चिकटून राहिलेली नाही ना ते पाहिलं. दोन कड्या एकावर एक बसल्या तर सगळं तेल मिनिटभरात बाहेर फेकलं जातं. कडी टेकल्यानंतर हातानेच पाऊण फेरा.

पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० जातीचं तेल, फिल्टरसह साडेतीन लिटर लिहिलेलं. तीनच ओतलं, दहा मिनिटं थांबून पट्टी पाहिली, मग थोडं. जास्त झालेलं तेलही वाईट. क्रँक त्यात घुसळला की फेस होतो आणि पंप पुन्हा हवा ओढतो.

दाबाचा दिवा ज्या स्विचवर चालतो तिथे तीन तोंडांचा जोड लावून मिस्त्रींनी काट्याचं गेजही बसवलं. इंधनपंपाचा फ्यूज काढला, कॉइलचे सॉकेट सोडवले, प्लग बाहेरच. पेट्रोल नाही, ठिणगी नाही, सिलिंडरमध्ये हवेचा दाब नाही, फक्त फिरणं. नुसती ठिणगी बंद करून स्टार्टर मारत राहिलं तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्येही जातं. म्हणून पेट्रोल तोडणं महत्त्वाचं.

"मारा ताई. दहा मोजा."

इंजिन घरंगळल्यासारखं फिरलं. काटा शून्यावर. एक मिनिट विश्रांती, स्टार्टरही तापतो. पुन्हा दहा. काटा शून्यावर. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मिस्त्रींकडे, मिस्त्री फक्त गेजकडे. तिसऱ्यांदा सात मोजले आणि काटा थरथरला, खाली बसला, परत उठला आणि एकाच्या पुढे सरकला. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला. इंजिन सुरू न होता दिवा विझलेला मी पहिल्यांदाच पाहिला. तरीही आणखी एकदा दहा सेकंद फिरवलं, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅमशाफ्टपर्यंत तेल चढावं म्हणून. भरायच्या झाकणातून आत पाहिलं तर कॅमवर ओली चमक होती.

प्लग, कॉइल, फ्यूज परत. आता ठरवून घेतलं: अॅक्सिलरेटरवर पाय नाही; पाच सेकंदांत काटा उठला नाही तर बंद; खोल 'ठक ठक' आली तर बंद; कुणीही "बंद" म्हटलं तर का ते न विचारता बंद.

सुरू झालं.

काटा झपकन चारवर. आणि वरून 'टिकटिकटिकटिक'. माझा हात चावीवर गेला. मिस्त्रींनी तळवा दाखवून थांबवलं. हायड्रॉलिक टॅपेटमधली, म्हणजे व्हॉल्व्हजवळच्या तेलाने भरणाऱ्या छोट्या भागांमधली, हवा निघत होती. शिवणयंत्रासारखा हलका, वरून येणारा, इंजिनाच्या अर्ध्या वेगाचा आवाज. बेरिंगचा ठोका खालून येतो, जाड असतो, पायाला जाणवतो. वीसेक सेकंदांत टिकटिक विरळ झाली, मग थांबली. अर्धा मिनिट झाल्यावर बंद.

दहा मिनिटं शांतता. गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवला होता, तो कोरा. पट्टीवर तेल खाली गेलं होतं, कारण वाटा भरल्या होत्या. अजून पावशेरभर ओतलं.

दुसऱ्यांदा सुरू केलं ते पंखा लागेपर्यंत, वीस मिनिटं. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून चारही सिलिंडर ऐकले. मग हळूच २००० पर्यंत नेऊन अॅक्सिलरेटर सोडला. बेरिंग गेलेलं असेल तर सोडतानाच ठोका उघडा पडतो. काही नाही. तापलेल्या इंजिनात आयडलवर १.२ बार, २००० वर पावणेतीन. मिस्त्रींनी गेज काढलं आणि पहिल्यांदा हसले.

पाचवा दिवस

उरलेले चाळीस किलोमीटर. काकांचं म्हणणं, जपून म्हणजे वरचा गिअर आणि कमी वेग. मिस्त्रींनी नेमकं उलटं बजावलं होतं: वरच्या गिअरमध्ये कण्हत चढवली तर कमी फेऱ्यांवर जास्त भार येतो आणि बेरिंगमधला तेलाचा थर तिथेच सर्वात पातळ होतो. म्हणून चढाला खालचा गिअर, २००० ते ३०००च्या मधे, पाय हलका. दहा किलोमीटरवर थांबून पुठ्ठा, पंचवीसवर थांबून पुठ्ठा आणि पट्टी. ५०० किलोमीटरला हे तेल आणि फिल्टर काढून टाकायचा, आणि फिल्टर पुन्हा कापून बघायचा, हेही ठरलंय. शेलवरच्या त्या दोन रेघा मी विसरलेले नाही.

त्या खडीवरून गाडी नेताना दोघंही बोललो नाही. रस्त्यावर आमची माती अजून होती.

पठारावर पोचलो तेव्हा पूर्ण काळोख. काकांनी दुर्बीण लावली, लाल टॉर्च गळ्यात, पांढऱ्या दिव्याला सक्त बंदी. तासाभराने त्यांचं लक्ष लागेना. उठले, बॉनेट उघडलं, पट्टी काढून फडक्याने पुसली, परत बुडवली, बाहेर काढून लाल उजेडात धरली. नवं तेल मधाच्या रंगाचं; लाल उजेडात पट्टीवर काही दिसेना. तिरपी करून पाहिली, जवळ धरली, चष्मा काढला.

"अगं," म्हणाले, "मोबाइल आण जरा."

मी टॉर्च लावला. पांढराशुभ्र. तेल दोन खुणांच्या मधोमध होतं. तारे परत नीट दिसायला वीसपंचवीस मिनिटं गेली.